भाऊरावांची पट्टी

रॉक संगीत अमर आहे. ते वय जाणत नाही, देश जाणत नाही आणि मरण तर मुळीच जाणत नाही.

हे वाक्य नंदकुमारने एक्क्याण्णव साली मुलुंडच्या आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात लिहिलं होतं. आज त्याच्या बँडमध्ये आम्ही तिघं उरलो आहोत आणि तिघांच्याही रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. चौथा केयूर की-बोर्ड वाजवायचा. तो न्यू जर्सीला गेला आणि आता रोज ग्रुपवर सूर्योदयाचा फोटो पाठवतो, जो तिथला नसतो.

बँडचं नाव 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट'. ड्रम वाजवणाऱ्या गुणाजीचे वडील गिरणीत तिसऱ्या पाळीला, म्हणजे रात्रपाळीला जात, त्यावरून. मुलाने अभिमानाने नावाचा अर्थ सांगितला तेव्हा ते जेवता जेवता म्हणाले, "थंय गाणी खंय रे? थंय कान जातत." तिथल्या यंत्रांनी माणूस बहिरा होतो, असं त्यांना म्हणायचं होतं; गुणाजीला वाटलं वडिलांनी आशीर्वाद दिला. तो भांडुपच्या गणपतीत ढोल वाजवून शिकलेला, आणि आज महापालिकेच्या पाणी खात्यात आहे. नंदकुमार गातो आणि गिटार वाजवतो. मी बेस गिटार. बेस वाजवणारा म्हणजे लग्नातला नवऱ्या मुलीचा मामेभाऊ. असतो, पण फोटोत नसतो.

आमचं एक गाणं होतं. म्हणजे आमचं नव्हतं, ऐंशीच्या दशकातल्या लांब केसांच्या एका विलायती बँडचं होतं. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की तुम्ही ते मोबाइलवर लावाल आणि हे वाचायचं राहील. त्यात तिसऱ्या कडव्याच्या शेवटी गाणारा एका सुरावर चढतो आणि तिथेच थांबतो. तो सूर नंदूला त्र्याण्णव साली अंधेरीच्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत लागला. मी शेजारीच उभा होतो, माझ्या अंगावर काटा आला. परीक्षकांनी हातातला समोसा खाली ठेवला. आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं. बँड तीनच होते.

त्यानंतर तो सूर आला नाही. नंदूची बायको नीला शास्त्रीय शिकलेली, भावगीतं गाते. ती म्हणते, "आमच्याकडे तो सूर म्हणजे अमेरिकेचा पाहुणा. त्र्याण्णव साली येऊन गेला. अजून त्याच्या गोष्टी चालू आहेत."

यंदा नंदूच्या सोसायटीला पन्नास वर्षं झाली. कार्यक्रम ठरला. लहान मुलांचे नाच, नीलाची दोन गाणी, सेक्रेटरींचं मनोगत आणि 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट', वेळ दहा मिनिटं, मग जेवण. पत्रिका छापून झाल्यावर आठवड्याभराने नंदूच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची, साधी. पण काढायला हवी होती. डॉक्टरांनी कागदावर गळा काढून दाखवला. आवाजाची नस गाठीच्या अगदी कडेने जाते. शंभरात एखाद्याचे वरचे सूर जातात, बोलणं मात्र नीट राहतं. कार्यक्रम शनिवारी, ऑपरेशन त्यानंतरच्या मंगळवारी.

"शंभरात एक म्हणजे काहीच नाही रे," मी म्हटलं.

"तिसरं बक्षीसही तिघांत एकालाच मिळतं," नंदू म्हणाला.

म्हणजे शनिवारी तो सूर लागला तर लागला. नाहीतर कदाचित कायमचाच राहिला.

तालमी रविवारी सकाळी अकरा ते एक, सोसायटीच्या बालवाडीच्या खोलीत. एकनंतर लोक आडवे होतात, त्यामुळे रॉक बंद. खोलीत मोठी खुर्ची नाही. चोपन्न वर्षांचे तीन पुरुष गुडघे कानाला लावून लाल-पिवळ्या खुर्च्यांवर बसत. नंदूच्या डोक्यामागे भिंतीवर 'ग गणपतीचा' होता. नंदू त्या जागेवर यायचा, डोळे मिटायचा, मानेच्या शिरा फुगवायचा आणि सुराच्या अलीकडे धडकून थांबायचा. दर वेळी तेवढ्याच अंतरावर.

"खाली घे ना रे गाणं," गुणाजी म्हणाला. "अर्धा स्वर खाली घेतलं की झालं. लोकांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

"तू लोक नाहीस?"

"गुण्या, ओरिजिनलच्या खाली गायचं असेल तर कराओके काय वाईट आहे? सेक्रेटरी पण गातो मग."

गुणाजीने माझ्याकडे पाहिलं. मी तार पिळत होतो. बेसवाल्याला ही सोय असते.

दुसऱ्या रविवारी नंदूची मुलगी इरावती केयूरच्या जागी की-बोर्ड वाजवायला आली. बावीस वर्षांची, साउंड इंजिनिअरिंग करते, घरात कुणाला घाबरत नाही. तिने गाणं मोबाइलवर ऐकून बसवलं होतं. आम्ही सुरू केलं आणि पहिल्याच ओळीला असा आवाज झाला की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"बाबा, तुम्ही वर आहात."

"तू खाली आहेस."

"मी ओरिजिनलला आहे. ऐका." तिने मोबाइल लावला.

नंदूने चार ओळी ऐकल्या आणि उदार हसला. "हे नंतर बिघडवलंय गं. कॉम्प्युटरवर साफ करताना स्पीड खाली गेलाय. म्हणून तर मी मोबाइलवर ऐकत नाही. बघ कसा झोपल्यासारखा गातोय."

"अख्ख्या जगाने बिघडवलं आणि तुमच्याकडे बरोबर राहिलं?"

"राहिलं. ही भाऊरावांनी भरलेली आहे," नंदू म्हणाला आणि पिशवीतून कॅसेट काढली. साठ मिनिटांची, पिवळी पडलेली, पाठीवर भाऊरावांच्या अक्षरात सोळा गाण्यांची यादी. गिटार तो आजही त्या कॅसेटच्या पहिल्या सुराला जुळवतो. आमच्या तारा तेव्हा फार तुटायच्या. आम्ही समजायचो, तारा देशी आहेत.

तालीम संपल्यावर इरावतीने मला आणि गुणाजीला जिन्यात गाठलं. "काका, बाबा बरोबर अर्ध्या स्वराने वर आहेत. आणि त्यांना तो सूर नेमका अर्ध्या स्वरानेच कमी पडतोय. कळतंय का?"

"म्हणजे खरं गाणं गायला..." गुणाजी थांबला.

"सहज येईल. झोपेतसुद्धा."

"मग सांग ना त्याला."

"मी सांगितलं आत्ता. तुम्ही पाहिलंत ना? माझं ऐकणार नाहीत. भाऊराव कोण ते मला माहीत नाही, पण देवाच्या खालोखाल दिसतात."

भाऊराव घाटकोपर पूर्वेला कॅसेट भरून द्यायचे. फुलस्केपवर गाण्यांची यादी न्यायची, कोरी कॅसेट न्यायची, आठ दिवसांनी जायचं. त्यांच्याकडे रेकॉर्डी कुठून यायच्या ते कुणी विचारलं नाही. एक चुलतभाऊ जहाजावर आहे असं ते सांगत आणि आम्ही त्या भावाला मनातून फार मानायचो. नंदूची कॅसेट भरून आली की तिच्यावरून मुलुंडभर प्रती निघत. आमच्या वयाचं मुलुंड पूर्व जे काही रॉक ऐकून मोठं झालं, ते त्या एका कॅसेटचं पिल्लू होतं.

बुधवारी संध्याकाळी गुणाजीच्या गाडीतून आम्ही घाटकोपरला गेलो. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भाऊरावांचा मुलगा काच चिकटवत होता. मागे प्लास्टिकच्या स्टुलावर भाऊराव पेपर वाचत बसले होते. ऐंशीच्या पुढे असतील. चष्मा तोच होता, निदान फ्रेम तरी.

"मुलुंडची पोरं," त्यांनी ओळखलं. "तो उंच कुठाय? लांब केसांचा?"

"उंची आहे," गुणाजी म्हणाला.

मी आडून आडून विषय काढला. मशीनमध्ये काही दोष होता का, पट्टा सैल वगैरे? भाऊरावांना राग आला.

"दोष? माझ्या मशीनला? मी स्वतः पळवायचो."

"काय पळवायचात?"

"रेकॉर्डची चक्की. तुम्ही लोक यादी आणायचा सोळा गाण्यांची. साठ मिनिटांत बसायची पंधरा. सोळावं अर्धं तुटलं की पोरांची तोंडं एवढीएवढी व्हायची. मग मी चक्की जरा पळवायचो. सोळा बसायची."

"सगळ्यांच्याच कॅसेटी?"

"छे! ज्याची यादी बेताची त्याला बरोबर स्पीड. ज्याला हाव जास्त त्यालाच. तो उंच मुलगा कायम सोळा आणायचा."

"आणि कुणी तक्रार नाही केली?"

"एक आला होता. म्हणाला, बाईसारखा आवाज येतोय. मी म्हटलं, थंड हवेची माणसं, त्यांचा आवाज वरच असतो. गेला समाधानाने." भाऊरावांनी पेपरची घडी केली. "का? अजून वाजते कॅसेट?"

"वाजते."

"बघ," ते मुलाला म्हणाले, "आणि तुझी काच महिनाभर टिकत नाही."

परतताना हायवेवर मेट्रोच्या कामाने गाडी अडकली. गुणाजी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून बसला होता. मी विचार करत होतो. ज्या गाण्यावर मी बत्तीस वर्षं जीव टाकला, ते गाणं विलायतेत कुणी गायलंच नव्हतं. त्या चार लांबकेश्यांना ऐकवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, हे कोण? ते गाणं फक्त घाटकोपर ते मुलुंड एवढ्या पट्ट्यात होतं, आणि एका माणसाला पोरांची उतरलेली तोंडं बघवत नव्हती म्हणून होतं. जुनी गाणी टिकतात, टिकतात म्हणून आपण लेख लिहितो. मीही दोन लिहिले आहेत. त्यात संगीताच्या सच्चेपणावर एक परिच्छेद होता. तो आता परत मागवता येत नाही.

"हावेचं त्याला सांगायचं नाही," गुणाजी म्हणाला.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं सांगायलाच हवं रे मेल्या. त्याला एवढा सोपा सूर समोर वाढून ठेवलाय, आणि तो उपाशी मरतोय."

गुरुवारी नंदूच्या घरी गेलो. नीलाने पोहे केले होते. गुणाजीने मुद्द्याला हळूहळू यायचं ठरवलं होतं, म्हणून पहिला घास घ्यायच्या आधी हाव वगळून सगळं सांगून टाकलं.

नंदूने कॅसेट हातात घेऊन उलटसुलट केली, जणू तिच्यावर कुठेतरी लिहिलेलं असेल.

"किती?"

"अर्धा स्वर," इरावती म्हणाली.

"म्हणजे तो तिथे कधी गेलाच नव्हता."

"कोण?"

"तो. गाणारा."

"नाही."

"आणि मी गेलो होतो."

"एकदा," नीला स्वयंपाकघरातून म्हणाली.

इरावतीने की-बोर्डवर खऱ्या गाण्याची पट्टी धरली. "बाबा, फक्त एकदा म्हणून बघा. हळू म्हणा."

नंदूने बसल्या बसल्या म्हटलं. कडवं संपलं, सूर आला आणि तो त्यावर सहज जाऊन उभा राहिला, तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर जावं तसा. शिरा नाहीत, घाम नाही. छान लागला होता. नीला हातातला झारा घेऊन दारात आली होती.

"इतकं सोपं होतं?" नंदू म्हणाला.

ज्याला खूप वर्षांनी आपल्या शाळेचं पटांगण दिसतं आणि ते लहान असतं, त्याचा चेहरा असा होतो. आम्ही पोहे खाल्ले. निघताना तो म्हणाला, "ठीक आहे. ओरिजिनल ते ओरिजिनल. शनिवारी खालीच गाऊ." त्याने तत्त्व पाळलं होतं. त्याबद्दल त्याला वाईट वाटत होतं, एवढंच.

शनिवारी सोसायटीच्या आवारात मांडव होता. सेक्रेटरींचं मनोगत दहा मिनिटांचं होतं, ते पंचवीस मिनिटं झालं. समोर आमच्या वयाची मंडळी बसली होती. त्यांच्यातल्या निम्म्यांकडे नंदूच्या कॅसेटची प्रत एके काळी होती. जेवणाच्या टेबलांवरची झाकणं उघडायला सुरुवात झाली होती, म्हणजे रॉकला अनुकूल वेळ नव्हती.

आम्ही सुरू केलं. बरोबर पट्टीत, बरोबर लयीत. इरावती खूश होती. पहिलं कडवं नीट झालं. खाली ओठ हलत होते, पण काहीतरी जमत नव्हतं. लोक गाण्याच्या पुढे जात होते, मग थांबत होते, आपलंच चुकलं असं समजून गप्प होत होते. पहिल्या रांगेतल्या बाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या, आणि रॉक हळू वाजत असल्यामुळे मला ऐकू आलं, "नंदूची तब्येत बरी नाहीये ना. जाणवतंय."

नंदूलाही ऐकू आलं असावं. त्याने हात वर केला. आम्ही थांबलो. सेक्रेटरी टाळ्या वाजवत उठले. त्यांना वाटलं संपलं.

"गुण्या," नंदू मागे वळून म्हणाला, "भाऊरावांच्या पट्टीत."

"नंदू, नको. गळा..."

"गळा मंगळवारी. आज शनिवार आहे."

त्याने खिशातून गिटारीचा सूर चढवायचा चिमटा काढला आणि पहिल्या घरावर लावला. तो घरून आणला होता, याची मी नोंद घेतली. इरावतीने बापाकडे पाहिलं आणि की-बोर्डचं एक बटण दाबलं. मला एक घर पुढे सरकायचं होतं. गुणाजीने काठ्या आपटून चार मोजले, भाऊरावांच्या वेगाने.

दुसऱ्याच ओळीला मांडव जागा झाला. लोक गायला लागले. शब्द सगळे येत नव्हते, पण वेळ बरोबर येत होती. पहिल्या रांगेतल्या त्या बाई उभ्या राहिल्या. एक निवृत्त बँक मॅनेजर हवेत गिटार वाजवायला लागले. तेही चुकीच्या हाताने, पण मनापासून. वाढप्यांनी झाकणं परत ठेवली. मी नंदूकडे पाहिलं. तो पंचवीसचा दिसत नव्हता, चोपन्नचाच दिसत होता. पण त्याला ते कळवलेलं नव्हतं.

तिसरं कडवं आलं. नंदूने डोळे मिटले. मानेवर शिरा आल्या. गाठीच्या जागी त्वचा ताणली गेली. तो वर गेला.

आणि त्याच क्षणी गुणाजीने दोन्ही झांजांवर दोन्ही हातांनी असा तडाखा दिला की उजवीकडची झांज स्टँडसकट खाली पडली.

मग टाळ्या झाल्या. खूप वेळ झाल्या. त्यात शिट्ट्याही होत्या, आणि त्या वयाच्या माणसांना शिट्टी वाजवता येते हे त्यांच्या मुलांना तेव्हाच कळलं असावं.

नंदू वळला. "लागला?"

गुणाजी खाली वाकून स्टँडचा स्क्रू शोधत होता. "लागला ना रे."

"बेसवाल्या?"

"लागला," मी म्हटलं.

इरावती की-बोर्डची वायर गुंडाळत होती. नीला मंचाजवळ आली, नवऱ्याच्या हातात गरम पाण्याचा थर्मास दिला आणि म्हणाली, "आता मंगळवारपर्यंत तोंड उघडायचं नाही." तिला विचारायची त्याला हिंमत झाली नाही. व्हिडिओ चौदा जणांनी काढला होता. चौदाही व्हिडिओंत त्या जागी झांजेचा आवाज आहे.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं हॉस्पिटलात गेलो. नंदू हिरवा झगा घालून पलंगावर बसला होता. नीला फॉर्म भरत होती.

"गुण्या," तो हळूच म्हणाला. "अंधेरीला पण तू तिथे झांज वाजवली होतीस ना?"

"आठवत नाही बाबा. तीस वर्षं झाली."

"कशाला वाजवलीस?"

"कशाला म्हणजे? तिथे झांज आहेच. ओरिजिनलमध्ये आहे."

नंदूने माझ्याकडे पाहिलं. "तू शेजारी होतास. तू ऐकलंयस."

मी बेस वाजवतो. मंचावर माझी जागा ड्रमच्या कुशीत असते. तिथून मला नंदूचा आवाज आजवर कधीच नीट ऐकू आलेला नाही. काटा आला होता हे खरं, पण झांज एवढ्या जवळ वाजली की काटा तसाही येतो.

"ऐकलंय," मी म्हटलं. "स्वच्छ लागला होता."

तो हसला. आवाज न काढता, कारण नीला बघत होती. मग त्याला आत नेलं. गुणाजी बाकावर बसून मांडीवर बोटांनी ताल धरून राहिला. मी कानात वायर घालून मोबाइलवर ओरिजिनल गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. बरं आहे. जरा झोपलेलं आहे. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी झांज नाही. मी हे गुणाजीला सांगितलं नाही. त्यानेही काय ऐकतोयस म्हणून विचारलं नाही.

ऑपरेशन पन्नास मिनिटं चाललं. तीन आठवड्यांनी तपासणी झाली. आवाज पूर्वी होता तसाच आहे.